शहापूरच्या गल्लीतून गणेशपूरला : दहा महिने राहिल्यावर

मागच्या अक्षय तृतीयेला आम्ही बेळगावातलं शहापूरचं घर सोडून शहराबाहेरच्या गणेशपूरला भाड्याने राहायला आलो. मी, आमचे मिस्टर, सहा वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. या दहा महिन्यांत ओळखीच्या चार-पाच घरांनी विचारलं, "कसं काय तिकडं? आम्हीपण बघालोय." फोनवर दरवेळी निम्मंच सांगून होतं. म्हणून जे सोसलं आणि जे आवडलं ते सगळं एकदा लिहून ठेवते.

शहापुरात आमचं घर म्हणजे एका ओळीत तीन खोल्या. मागे परडं, पुढे ओटा. सासू-सासरे, दीर, जाऊ, त्यांची दोन मुलं आणि आम्ही चौघं. भांडण कुठलंच नव्हतं. पण मुलगी पहिलीला गेली आणि तिला वही मांडून बसायला जागा उरेना. धाकट्याला खोकला लागला की घरातली सगळीच मुलं खोकायची. गल्लीत दुचाक्या इतक्या वाढल्या की ओट्यावरून पाय खाली टाकायचा तर आधी दोन्हीकडे बघावं लागे. दीर एकदा जेवताना म्हणाले, "दादा, तुमी जावा म्हणत न्हाई, पण पोरांना हात-पाय पसरायला जागा पायजे." तिथून शोध सुरू झाला.

पहिलं मन अर्थातच वडगाव, अनगोळ, भाग्यनगर इकडे होतं. सासर जवळ, बाजार जवळ, माणसं आपली. पण या बाजूला घर बघताना बळ्ळारी नाला विसरून चालत नाही. शहापूर-वडगावच्या शिवारात दर पावसाळ्यात त्याचं पाणी पसरतं, भाताची रोपं कुजतात, हे आम्ही लहानपणापासून बघत आलोय. त्या शिवाराला लागून झालेल्या एका नव्या वसाहतीत घर बघितलं. छान होतं, भाडंही परवडणारं. शेजारच्या आजींना सहज विचारलं, 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलं होतं? त्यांनी भिंतीवर हात ठेवून दाखवला. तो माझ्या गुडघ्याच्या वर होता. आम्ही परत फिरलो.

पिरनवाडी-मच्छे मिस्टरांना सोयीचं होतं, कारण त्यांचं काम उद्यमबागच्या औद्योगिक वसाहतीत, मशीन शॉपला. पण खानापूर रोडची अवजड वाहतूक बघून माझा धीर होईना. मुलीला सायकल शिकवायची होती. सांबरा-मुतगा बाजूला जागा मोकळी आहे, पण उद्यमबाग पार दुसऱ्या टोकाला पडते. कंग्राळीत दोन घरं बघितली, दोन्ही तिसऱ्या मजल्यावर.

शिनोळीचाही विचार झाला होता. वेंगुर्ला रोडने सरळ गेलं की हद्द ओलांडून चंदगड तालुका, कोल्हापूर जिल्हा लागतो. सातबारा मराठीत, पाटी मराठीत, हे सासऱ्यांना फार भावलं. त्यांच्या पिढीने सीमाप्रश्नासाठी मोर्चे काढलेत, त्यांच्या डोळ्यांत ते दिसत होतं. पण रोजचं जगणं मोजलं तेव्हा गणित बसेना. मिस्टरांची नोकरी इकडे, मुलीची शाळा इकडे, दवाखाना इकडे. मी आठवड्यातून तीन दिवस शहरात शिवणक्लास घेते. कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास 2023 च्या जूनपासून मोफत आहे, आणि तो मिळतो कर्नाटकातला पत्ता असलेल्यांना. महिन्याच्या खर्चात मला तो फरक जाणवतो. सासरे दोन दिवस गप्प होते, मग म्हणाले, "पोरांचं बघा आदी."

तर गणेशपूर. शहराच्या पश्चिमेला, लष्कराचा कॅम्प ओलांडला की हिंडलगा, गणेशपूर, बेनकनहळ्ळी ही गावं एकमेकांना लागून आहेत. अजूनही मध्ये भाताची शेतं दिसतात, पण दरवर्षी एखादं कमी होतं. तळमजल्यावर दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर आणि पुढे मोकळी जागा. भाडं साडेनऊ हजार, अनामत पन्नास हजार, अकरा महिन्यांचा करार. आधी भाड्याने राहा, विकत नंतर घ्या, हा सल्ला मला माझ्या आत्याने दिला होता. त्याबद्दल मी रोज तिचे आभार मानते.

पहिला धडा पाण्याचा. आम्ही आलो तेच मे महिन्यात. शहराला पाणी राकसकोपहून आणि हिडकलहून येतं. बेळगावच्या काही प्रभागांत 2008 पासून चोवीस तास नळ आहे. आमचं शहापूरचं घर त्यात नव्हतं, तरी तिथे पाण्याचा दिवस आणि वेळ ठरलेली असायची. इथे ग्रामपंचायतीच्या हद्दीत नळ कधी तिसऱ्या दिवशी, कधी पाचव्या. बाकी सगळी भिस्त बोअरवर. घरमालकांनी सांगितलं होतं, "बोअरला पाणी भरपूर." ते ऑक्टोबरात खरं असेल. मेच्या मध्यावर मोटर वीस मिनिटं चालून हवा ओढायला लागायची. या बाजूला खाली जांभा दगड आहे. तो पाऊस पटकन पितो आणि उन्हाळ्यात तितक्याच पटकन सोडून देतो. आम्ही तीन टँकर मागवले. घर बघायला जाल तेव्हा उन्हाळ्यात जा, स्वतः मोटर सुरू करा आणि टाकी भरेपर्यंत तिथे थांबा. शेजारच्या बाईंना विचारा, मालकांना नको.

मग पाऊस आला. शहापुरात पाऊस म्हणजे पन्हाळीचा आवाज आणि ओट्यावर भजी. इथे तो चारी बाजूंनी येतो. पश्चिमेकडून सुटलेलं वारं थेट खिडकीवर आपटतं. कपडे चार-चार दिवस वाळत नव्हते, घरात दोऱ्या बांधून पंख्याखाली टाकायचे. मुख्य रस्ता डांबरी आहे, पण आमच्या वसाहतीच्या आतला रस्ता तेव्हा कच्चा होता. तांबडा चिखल इतका, की मुलीला शाळेचे बूट पिशवीत घालून गमबुटात मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायचं आणि तिथे बूट बदलायचे. शाळेच्या व्हॅनचे मामा आत यायला तयार नव्हते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. दोनदा व्हॅन रुतली होती. जुलैत अंगणात धामण निघाली, ऑगस्टमध्ये मोरीजवळ घोणस. तेव्हापासून संध्याकाळी बॅटरीशिवाय दार उघडत नाही आणि मुलांच्या चपला घरात ठेवते.

एक रात्र मात्र विसरणार नाही. आषाढ संपत आला होता. धाकट्याला ताप चढला, एकशे तीनच्या वर. लाइट संध्याकाळीच गेली होती, रस्त्यावर झाडाची फांदी पडलेली, मिस्टर रात्रपाळीला. फोन केला तर रिक्षा मिळेना. शहापुरात असते तर नुसती हाक मारली असती. तिथे माझ्या हाकेला सात दारं उघडतात. इथे कंपाउंडची भिंत, आत कुत्रा, आणि समोरच्या घरात कोण राहतं ते मला नीट माहीत नव्हतं. अडीच महिने झाले होते राहून! ओल्या कपड्याने अंग पुसत, औषधाचा डोस देत मी पहाटेपर्यंत बसले. ताप उतरला. पण त्या रात्री मला कळलं की घर शोधताना आम्ही पाणी, भाडं, रस्ता, शाळा सगळं विचारलं. फक्त एक विचारलं नाही. इथे माझ्या मुलांकडे कोण बघणार?

शहापूरच्या गल्लीत मूल आपलं एकट्याचं नसतंच. मुलगी चालायला लागली तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेली तरी कुणी ना कुणी हात धरून परत आणायचं. "वैनी, तुमचं पोरगं हितं हाय, काळजी करू नका." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्याची किंमतच कळली नव्हती. आवाजाचंही तसंच. आमच्या मागच्या बाजूला माग चालायचे. शहापूर, वडगाव, खासबागेत विणकरांची घरं अजून आहेत. धाकटा जन्मापासून त्या खटखटीत झोपलेला. गणेशपूरला पहिले पंधरा दिवस तो रात्री दचकून उठायचा. आम्हाला वाटलं दात येतायत, मग वाटलं दृष्ट लागली. शेवटी सासूबाई आल्या, रात्रभर राहिल्या आणि सकाळी म्हणाल्या, "लई शांत हाय गे हितं, पोर भ्यालंय." मिस्टरांनी मागाचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून आणला. तो हळू लावला की धाकटा झोपायचा. दिवाळीपर्यंत ते चाललं.

त्या तापाच्या रात्रीनंतर मी ठरवून शेजाऱ्यांकडे जायला लागले. समोर एक कन्नड कुटुंब आहे, बैलहोंगल बाजूचं. ते लष्करातून निवृत्त, त्या शिक्षिका. माझं कन्नड बाजारापुरतं, त्यांचं मराठी तसंच. मी वाटीभर आमटी घेऊन गेले, त्यांनी परत वाटीत होळगी, म्हणजे पुरणपोळी, घालून दिली. आता मी क्लासला जाते तेव्हा धाकटा दीड तास त्यांच्याकडे असतो. त्यांना तो 'अज्जी' म्हणतो आणि माझ्याशी बोलताना मध्येच 'नीर बेकू' म्हणून पाणी मागतो. मुलगी मराठी माध्यमात आहे आणि तिथेच राहील, याबद्दल आमच्या दोघांच्या मनात शंका नाही. पण कन्नड तिला पहिलीपासून शिकायचंच आहे. 2015 च्या कायद्याने कर्नाटकातल्या शाळांना ते लागू आहे. पहिल्या चाचणीत ती कन्नडला रडली होती, आता समोरच्या अज्जींकडे बसून बाराखडी गिरवते. हे शहापुरात झालं नसतं, हेही मला मान्य करायला हवं.

मिस्टरांचं येणं-जाणं मी आधी फार हलकं धरलं होतं. नानावाडी, टिळकवाडी करत उद्यमबाग गाठायला सकाळी पंचवीस मिनिटं, संध्याकाळी चाळीस. पेट्रोलचा खर्च दुपटीपेक्षा जास्त झाला. ते तक्रार करत नाहीत, पण दुसऱ्या पाळीला घरी पोचतात तेव्हा मुलं झोपलेली असतात. आधी जेवणाच्या सुट्टीतही कधी घरी येऊन जायचे. कुठलीही जागा ठरवण्याआधी तो रस्ता कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला एकदा जाऊन बघा. आम्ही रविवारी दुपारी गेलो होतो आणि बारा मिनिटांत पोचलो म्हणून खूश झालो होतो.

आता चांगलं सांगते, कारण ते पुष्कळ आहे. मुलगी सायकल शिकली. कॅम्पातल्या रुंद, झाडांच्या रस्त्यांवर पहाटे मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान धावताना दिसतात, त्यांना बघायला ती स्वतःहून लवकर उठते. आश्विनात भात फुलोऱ्यात आला तेव्हा बेनकनहळ्ळीच्या वाटेवर एका शेतात बासमती लावलेली होती. तो वास संध्याकाळी अंगणापर्यंत आला आणि मी स्वयंपाक टाकून बाहेर येऊन उभी राहिले. धाकट्याचा खोकला या थंडीत एकदाच झाला. मागच्या थंडीत तो महिनाभर गेला नव्हता. आणि मुलीचं टेबल. खिडकीपाशी, तिचं स्वतःचं. त्यावर दुसऱ्या कुणी काही ठेवलेलं तिला चालत नाही.

जागा विकत घ्यायचं म्हणत असाल तर कागदांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे आम्ही थोडक्यात वाचलो. दिवाळीनंतर बेनकनहळ्ळीला दोन गुंठ्यांचा प्लॉट बघितला, म्हणजे 2178 चौरस फूट. एजंट म्हणाला, "सगळं क्लिअर, पंचायतीचा उतारा हाय." उतारा होता, पण तो ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा, नमुना 11-ब होता. ग्रामपंचायत हद्दीत रीतसर बिनशेती होऊन मंजूर ले-आउटमध्ये पडलेल्या प्लॉटला नमुना 9 आणि 11-अ मिळतो. 11-ब म्हणजे पंचायत नोंद ठेवते, कर घेते, पण जागा मंजूर नकाशातली नाही. कर्जाला गेलो तर बँकेने तिथेच थांबवलं. मूळ पहाणी, म्हणजे आरटीसी, इथला सातबाराच, काढली तर ती अजून शेतजमीनच, आणि त्यावर चार भावांची नावं. विकणारा त्यातला एकच. कागद सगळे कन्नडमध्ये असतात. नुसतं एजंटने वाचून दाखवलं म्हणून सही करू नका. आम्ही वकिलांना दोन हजार देऊन प्रत्येक ओळ समजून घेतली. बोजा दाखलाही काढा, ज्याला इथे सगळे ईसी म्हणतात. तो नमुना 15 वर आला तर त्या काळात नोंदलेले व्यवहार त्यात दिसतात, नमुना 16 वर आला तर नोंदलेला व्यवहार नाही. ही दोन हजारांची फी वाचवणारी दोन घरं मला माहीत आहेत. ती आज कोर्टाच्या फेऱ्या मारतायत, आणि त्यांची मुलं आमच्या मुलांएवढीच आहेत.

शहापूर सुटलं असं मात्र म्हणणार नाही. दर शनिवारी मुलं आजी-आजोबांकडे जातात. वडगावच्या मंगाई देवीच्या यात्रेला आम्ही दोन दिवस तिथेच होतो. मुलगी चुलत भावंडांना म्हणाली, "आमच्याकडं मोर येतो," आणि सगळी पोरं पुढच्या रविवारी इकडे. सासरे अजून रात्री राहत नाहीत. पण हल्ली येताना पिशवीत खुरपं आणतात, आणि पुढच्या मोकळ्या जागेत त्यांनी मिरची, वांगी आणि एक शेवगा लावलाय.

पाडव्याच्या सुमाराला करार संपतोय. आम्ही तो आणखी अकरा महिने वाढवायचं ठरवलंय. मालकांनी पाचशे रुपये वाढवले, आम्ही त्याबदल्यात पाण्याची मोठी टाकी मागितली, ती मागच्या आठवड्यात बसली. आतल्या रस्त्यावर खडी पडलीय. बेनकनहळ्ळीला दुसरा एक प्लॉट सांगून आलाय, नमुना 9 आणि 11-अ वाला. कागद वकिलांकडे दिलेत. ते बरोबर निघाले तरी आत्ता इसार देणार नाही. आषाढात, चार दिवस झड लागली की आम्ही दोघं छत्री घेऊन त्या जागेवर जाऊन उभं राहणार आहोत. पाणी कुठून येतं, कुठे जातं ते बघायला. आणि आजूबाजूच्या घरांची दारं ठोठावून कोण कोण राहतं ते विचारायला.