पाच-सातशे रुपयांचा ओबीडी स्कॅनर: नागपुरातल्या जुन्या गाडीसाठी घ्यावा का?

पेट्रोल गाडी, वय आठ ते बारा वर्षं, चेक लाइट अधूनमधून लागतो आणि मिस्त्री दर वेळी वेगळा सेन्सर बदलायला सांगतो, अशी परिस्थिती असेल तर घ्या. गाडी त्याहून बरीच जुनी असेल तर आधी पुढचे दोन परिच्छेद वाचा, नाहीतर पैसे वाया जातील.

‘ईएलएम३२७’ छापलेली ही ब्लूटूथची डबी स्टिअरिंगखाली, पेडलच्या वरच्या बाजूला असलेल्या १६ पिनांच्या सॉकेटात बसते आणि फोनवरच्या ॲपला ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) आकडे देते. भारतात बीएस४ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष) गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड सांगण्याची ठरलेली पद्धत, लागू झालं १ एप्रिल २०१३ पासून, आणि बीएस४ देशभर सक्तीचं झालं १ एप्रिल २०१७ पासून. मधल्या काळात बऱ्याच ठिकाणी बीएस३ गाड्याही विकल्या जात होत्या. म्हणून नुसतं वर्ष बघून ठरवू नका, गाडी बीएस३ की बीएस४ ते बघा. जुन्या बऱ्याच मारुतींमध्ये सॉकेट हेच असतं, पण ईसीयूशी बोलण्याची पद्धत कंपनीची स्वतःची. तिथे ॲप ‘कनेक्टिंग’वरच अडकून राहतं आणि लोक डबीला शिव्या घालतात. अशा गाडीला मारुतीची कामं करणाऱ्या गॅरेजातलं मशीनच लागतं.

दुसरी अडचण नकलांची. मूळ चिप एका कॅनेडियन कंपनीची, ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. बाजारात स्वस्तात मिळतं ते जवळपास सगळं नकली. ‘आवृत्ती १.५’ म्हणून जी विकली जाते ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती. तरीही ‘२.१’ लिहिलेल्या नकलांपेक्षा ‘१.५’वाल्या सहसा बऱ्या चालतात. २.१वाल्यांपैकी अनेक फक्त कॅनवर (ईसीयूशी बोलण्याची नवी पद्धत) चालतात, म्हणजे पिन ६ आणि १४. थोड्या जुन्या गाड्यांना लागणारी पिन ७ची के-लाइन त्यांना जमत नाही. सात दिवसांत परत घेणाऱ्याकडूनच घ्या आणि पहिल्याच दिवशी गाडीला लावून बघा. आयफोनवाल्यांनी साधं ब्लूटूथ घेऊ नये, वायफाय किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेलं घ्यावं. अँड्रॉइडवर जोडणीचा पिन १२३४ किंवा ०००० असतो. ‘कार स्कॅनर’ किंवा ‘टॉर्क’ यांच्या मोफत आवृत्त्या घरगुती कामाला पुरतात. याच डबीसारखी दिसणारी ‘पेट्रोल वाचवणारी’ वस्तूही विकायला असते. तिच्यात लुकलुकणाऱ्या दिव्यांपलीकडे काही नसतं.

आता उपयोगाचं. लोक ही डबी बिघाडाचे कोड वाचायला घेतात, पण तिची खरी किंमत कोडमध्ये नाही, चालू आकड्यांत आहे. नागपुरात तर सगळ्यात जास्त एका आकड्यात: कुलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान. अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच दिलेला नाही, फक्त लाल दिवा आहे, आणि तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. मे महिन्यात पारा ४५च्या घरात, एसी चालू आणि गाडी व्हरायटी चौकाच्या सिग्नलला उभी, अशा वेळी हा आकडा समोर असणं फार मोलाचं.

ठीक गाडीत तो साधारण ८५ ते १०० अंशांत खालीवर होतो. मॉडेलप्रमाणे ९५-१०० च्या आसपास पंखा लागतो, चार-पाच अंश उतरले की बंद होतो. एसी चालू असेल तर बहुतेक गाड्यांत पंखा तसाही फिरत असतो. १०५ ओलांडलं की एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल करा (मे महिन्यात हे जिवावर येतं, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच) आणि गाडी बाजूला घ्या. ११० च्या पुढे इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, आतलं पाणी दाबाखाली असतं, उसळून अंगावर येतं.

आकडा कधी चढतो त्यावरून बिघाड निम्मा सापडतो. सिग्नलला चढतो आणि वर्धा रोडला गाडी धावायला लागली की उतरतो, तर पंखा, त्याचा रिले, फ्यूज किंवा धुळीने भरलेली एसीच्या कंडेन्सरची जाळी. एकच पंखा असलेल्या गाडीत एसी लावून बघा. एसीबरोबर पंखा फिरतो पण तापमान चढूनही आपसूक लागत नाही, तर मोटर ठीक आहे, सेन्सर किंवा रिलेची वायरिंग बघा. उलट, शहरात ठीक आणि समृद्धीवर शंभरच्या वेगाने तासभर चालवली की चढतो, तर रेडिएटर आतून चोंदलाय, कुलंट कमी आहे, पाण्याचा पंप थकलाय, किंवा हेड गॅस्केट फुंकतंय. शेवटच्या बाबतीत थंड इंजिन सुरू केल्यावर लगेच कुलंटच्या टाकीत बुडबुडे दिसतात आणि थोड्याच वेळात वरचा होज पाइप दगडासारखा कडक होतो.

एक सापळा मात्र आहे. कुलंट गळून संपलं की सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो आणि आकडा खोटा, कमी किंवा वेडावाकडा दाखवतो. चढत असलेलं तापमान अचानक ७० वर आलं म्हणून खूश होऊ नका, थांबा.

आपल्याकडची जुनी खोडही या आकड्यात उघडी पडते. गाडी गरम होते म्हटलं की कित्येक मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कुलंट अडवणारी झडप) काढून फेकतात. मग डिसेंबरच्या सकाळी रिंग रोडवर वीस मिनिटं चालवूनही तापमान ६५-७० च्या वर जात नाही. ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, आणि मालक म्हणतो ‘ॲव्हरेज देऊनच नाही राहिली’. पी०१२८ हा कोड याच बिघाडाचा. नवा थर्मोस्टॅट आणि त्याची गॅस्केट बसवा, जुन्या गाडीत होज क्लिपाही बदला. सोबत कुलंट पूर्ण बदला. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये नको, त्यातल्या क्षारांचा थर नळ्यांत बसतो आणि तो फ्लश करूनही पुरता निघत नाही. तयार मिसळलेलं घ्या किंवा कॉन्सन्ट्रेट आणि बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. छोट्या गाडीला साधारण ४ लिटर लागतं, नेमका आकडा पुस्तिकेत बघा. भरताना इंजिन थंड, झाकण उघडं, हीटर गरमवर. मग पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत स्लोवर (रेस न देता) चालू द्या, म्हणजे अडकलेली हवा निघते. पातळी खाली जाईल तसतसं भरत राहा आणि झाकण लावा.

सेन्सरच खोटं बोलतोय का, याची परीक्षा फुकट आहे. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी फक्त चावी ऑन करा. कुलंटचं तापमान आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान यांत तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक नको. उणे ४० दिसलं तर वायर तुटलीय किंवा कनेक्टर सुटलाय. सेन्सर विकत घ्यायच्या आधी कनेक्टर हलवून, साफ करून बघा.

याच वेळी मॅप सेन्सरही (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) तपासून होतो. इंजिन बंद, चावी ऑन असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या थोडं वर आहे, म्हणून इथे ९६ ते ९८ किलोपास्कल यायला हवेत. इंटरनेटवरच्या तक्त्यात १०१ लिहिलंय म्हणून चांगला सेन्सर बदलू नका. इंजिन गरम, स्लोवर, एसी बंद असताना हाच आकडा ३० ते ४० असतो. ५० च्या आसपास रेंगाळत असेल तर कुठेतरी हवा ओढली जातेय, नाहीतर टायमिंग किंवा कॉम्प्रेशनचा प्रश्न आहे.

पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हा जुन्या गाडीत नेहमी येणारा कोड. यावर सर्रास ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो आणि महिन्याभरात दिवा परत लागतो. त्याऐवजी शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्यूएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त सोडतोय ते. दोन्हींची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असेल तर काळजी नाही. एअर फ्लो सेन्सरवाल्या (आत जाणारी हवा थेट मोजणाऱ्या) गाडीत स्लोवर अधिक २० आणि २५०० आरपीएमवर अधिक ५ असेल, तर हवेची गळती: पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत ओढणारा) पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप, मॅनिफोल्डची (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीची) गॅस्केट. आपल्या उन्हात ही रबरं भाकरीच्या पापुद्र्यासारखी तडकतात. फडकं गुंडाळलेल्या पकडीने एकेक पाइप दाबा; ज्याला दाबल्यावर स्लो बदलते तो संशयित. स्लोवर ठीक आणि रेस केल्यावर ट्रिम वाढत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय: फिल्टर किंवा टाकीतला पंप.

मॅप सेन्सरवाल्या गाड्यांत मात्र (मारुतीच्या बऱ्याच छोट्या गाड्या यात येतात) हे गणित सरळ लागत नाही. हवा गळली की मॅनिफोल्डचा दाब वाढतो, ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल वाढवतो, ट्रिम फारसं हलत नाही आणि स्लोच वर चढून बसते. अशा गाडीत स्लो विनाकारण ११००-१२०० राहत असेल तर आधी पाइप आणि थ्रॉटल बॉडी, मग सेन्सर.

मिसिंगचं, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेट घेत नाही त्याचं, काम सोपं. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर. त्याची कॉइल (प्लगला ठिणगी देणारी) दुसऱ्या सिलिंडरवर लावा, कोड पुसा, गाडी चालवा. पी०३०२ आला तर कॉइल खराब. पी०३०१च राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. पण कोड पुसायच्या आधी ‘फ्रीझ फ्रेम’चा स्क्रीनशॉट घ्या. बिघाडाच्या क्षणी वेग, तापमान, लोड किती होतं ते त्यात असतं आणि पुसल्यावर ते जातं. कित्येक गॅरेजवाले गाडी आत येताच आधी कोड पुसतात, मग ‘आता तर काहीच दाखवत नाही’ म्हणतात.

गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने सुरू होते, ही तक्रार उन्हाळ्यात खूप येते. त्याच वेळी सेल्फ मारताना आरपीएम बघा. इंजिन फिरतंय पण आकडा शून्यच, तर क्रँक सेन्सरवर (इंजिनचं फिरणं मोजणारा) संशय. दीड-दोनशे दिसतायत तर पंप आणि कॉइलकडे वळा.

बॅटरीच्या बाबतीत डबीवर पूर्ण भरवसा नको, स्वस्त नकलांचा व्होल्टेज ०.२ ते ०.५ ने चुकतो. तीनशे रुपयांचा मल्टिमीटर सोबत ठेवा. रात्रभर उभी असताना १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. चालू इंजिनला १३.८ ते १४.४. खाली असेल तर आधी अल्टरनेटरचा पट्टा आणि अर्थिंगची वायर. आणि डबी सॉकेटात ठेवून जाऊ नका. पिन १६ला चावी बंद असतानाही करंट असतो. डबीने ५० मिलीअँपिअर घेतले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, म्हणजे ३५ अँपिअर-तासाची बॅटरी पंधरवड्यात निम्मी. उन्हाळी सुट्टीत गावी जाऊन आल्यावर सेल्फ न लागण्याचं हे एक साधं कारण.

काय दिसत नाही ते उघडच आहे: ब्रेक, सस्पेन्शन, ऑइलची गळती, एसीचा गॅस. एबीएस आणि एअरबॅगचे दिवेही या डबीने सहसा वाचता येत नाहीत. क्लच मात्र पकडता येतो. चौथ्या गिअरमध्ये चढावर जोर दिला आणि आरपीएम वाढतोय पण वेग नाही, तर प्लेट घसरतेय. शेजारी बसलेल्याने फोन बघावा, चालवणाऱ्याने नाही.

पी०४२० हा कोड आला की थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपातला धूर स्वच्छ करणारा भाग) बदलायला सांगतात. तो महाग भाग आहे. आधी पुढच्या पाइपला एक्झॉस्ट गळती आहे का आणि मिसिंगचा जुना कोड आहे का ते बघा. ‘आतून पोकळ करून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, पीयूसीला अडकाल.

जुनी गाडी विकत घेताना ही डबी खिशात हवीच. विक्रेता म्हणेल ‘चेक लाइट नाही, बघून घ्या’. तुम्ही ॲपमध्ये ‘रेडीनेस मॉनिटर’ (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का) आणि ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ बघा. मॉनिटर अपुरे आणि अंतर सात-आठ किलोमीटर, तर एकतर नुकतीच बॅटरी काढली होती किंवा दिवा सकाळीच पुसलाय. सौदा थांबवून गाडी दोन-तीन दिवस रोज चालवायला सांगा, मग परत लावून बघा.