हॅरिस की मेयर? छोट्या लॅबसाठी हिमॅटॉक्सिलिन निवडताना

नवी हिस्टो लॅब, म्हणजे ऊतींचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारी लॅब, सुरू करताना पेशींचा बाकीचा भाग गुलाबी रंगवणाऱ्या इओसिनवर फारसं अडत नाही. अडतं ते पेशींची केंद्रकं निळीजांभळी रंगवणाऱ्या हिमॅटॉक्सिलिनपाशी. हॅरिस आणि मेयर या त्याच्या दोन कृती. दोन्हींचा मूळ रंग एकच, मध्य अमेरिकेतल्या लॉगवुडच्या लाकडातून निघणारा. कापड रंगवणारे रंग पक्का बसावा म्हणून तुरटी घालतात, ती दोन्हींत असते. फरक आहे रंगवण्याच्या रीतीत.

हॅरिसमध्ये सेक्शन (ऊतीचा पातळ काप) आधी मुद्दाम गडद रंगवायचा, मग १ टक्का ॲसिड अल्कोहोलमध्ये जादा रंग उतरवायचा. सगळं कसब या काही सेकंदांत आहे. स्लाइड बुडवली की जांभळा सेक्शन लालसर होतो. लगेच पाण्याखाली धरा, निळाई हळूहळू परत येते. हात बसलेला असेल तर केंद्रकाची कड आणि आतलं क्रोमॅटिन (डीएनए आणि प्रथिनं) इतकं रेखीव दिसतं की माझं मन तरी हॅरिसकडेच ओढतं. पण मी नवी असताना लिम्फ नोडची एक स्लाइड ॲसिड अल्कोहोलमध्ये ठेवून फोन घ्यायला वळले. परत येईपर्यंत केंद्रकं फिकी पडली होती. पुन्हा रंगवून स्लाइड वाचली, पण पेशंटचा रिपोर्ट एक दिवस लांबला. ते अजून सलतं.

मेयरमध्ये ही धाकधूक नाही. केंद्रकं हवी तेवढी रंगली की स्लाइड काढायची, साधारण १० ते २० मिनिटांत. टायमर लावला की नवा मुलगाही रोज सारखंच काम देतो. वेळ कमी पडला तर मात्र रंग फिका येतो. इम्युनोमध्ये (अँटिबॉडी वापरून ठरावीक प्रथिनं दाखवणारी तपासणी) अल्कोहोलने उतरणारा लाल रंग वापरत असाल, तर काउंटरस्टेनला (मागचा जोडरंग) मेयरच घ्या. ॲसिड अल्कोहोल तिथे चालणारच नाही.

हॅरिसवर तवंग धरतो. रोज सकाळी गाळलं नाही तर काळपट कण थेट सेक्शनवर बसतात. १९०० सालच्या मूळ कृतीत पाऱ्याचं ऑक्साइड होतं, त्यामुळे बाटलीवर त्याऐवजी सोडियम आयोडेट लिहिलंय ना, हे बघूनच घ्या. पारा सिंकमध्ये जाता कामा नये.

ब्लूइंगचं, म्हणजे लालसर रंग निळा करणारं, पाणी दोन्हींना लागतं. बोअरचं जड पाणी यासाठी चांगलं, आरओचं नाही. पाण्याचा भरवसा नसेल तर लिटरला ३.५ ग्रॅम खायचा सोडा आणि २० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घालून स्कॉटचं पाणी करून ठेवा.

टेक्निशियन अनुभवी आणि टिकणारा असेल, पॅप चाचण्याही (गर्भाशयमुखाच्या पेशींच्या) करायच्या असतील, तर हॅरिस. माणसं सारखी बदलत असतील किंवा इम्युनो सुरू करणार असाल, तर मेयर. तरीही ठरत नसेल तर दोन्हींच्या लहान बाटल्या मागवा. एकाच ब्लॉकचे (मेणात बसवलेल्या ऊतीचे) दोन सेक्शन दोन्हींत रंगवा आणि पॅथॉलॉजिस्टसमोर ठेवा. कुठली स्लाइड कशाची, हे आधी सांगू नका.