आईच्या लाखेच्या तबकड्या आणि ज्योत्स्नाबाईंचा ‘श’

आईकडे अकरा तबकड्या आहेत. लाखेच्या, दहा इंची, ७८च्या गतीच्या (मिनिटाला ७८ फेरे), काहींवर अजून ‘डमडम’, म्हणजे कलकत्त्याजवळच्या तबकड्यांच्या कारखान्याचं गाव, वाचता येतं. त्यातल्या चार गायिका-नटी ज्योत्स्ना भोळे यांच्या. फोनो कधीच मोडीत गेला, तबकड्या मात्र आईच्या कपाटात साड्यांखाली राहिल्या. आई आता नव्वदीत आहे. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, कान अगदी तल्लख. म्हणून गेल्या दिवाळीनंतर ठरवलं की सगळ्या तबकड्या डिजिटल करून घ्यायच्या.

दोन ठिकाणी काम दिलं. नावं दोघांचीही देत नाही. पहिल्या दुकानाशी मला भांडण वाढवायचं नाही, आणि दुसरे गृहस्थ घरातूनच, ओळखीतून आलेलं तेवढंच काम घेतात. पण काय मागायचं आणि काय होऊ द्यायचं नाही, हे मला आधी माहीत असतं तर एक तबकडी वाचली असती. तेवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पहिलं दुकान आमच्या स्टेशनजवळचं. लग्नाच्या जुन्या व्हीएचएस, कॅसेटी, फोटो, सगळंच ‘डिजिटल’ करून देतात. नमुना म्हणून दोन तबकड्या दिल्या. पाचव्या दिवशी पेन ड्राइव्ह मिळाला. घरी लावला तर खरखर औषधालाही नाही. मी खूश. आईने जेमतेम अर्धा मिनिट ऐकलं आणि विचारलं, “ही कोण गातेय?”

मी म्हटलं, “अगं, ज्योत्स्नाबाईच. ‘आला खुशीत समिंदर’.”

“छे. तिचा ‘श’ कुठाय?”

मग मी हेडफोन लावून बसले. ‘खुशीत’मधला ख बोथट झाला होता, श जवळजवळ गेला होता, ‘समिंदर’चा स कापसात गुंडाळल्यासारखा. कारण नंतर कळलं. सुईची खरखर आणि माणसाच्या तोंडचे स, श, ख हे ध्वनीच्या एकाच वरच्या पट्ट्यात बसतात. कॉम्प्युटरवर खरखर काढायचं बटण पूर्ण फिरवलं की तो पट्टाच खरवडला जातो. खरखरीबरोबर व्यंजनं जातात, ओळ सुरू होण्याआधी घेतलेला श्वास जातो. राहतो तो नुसता सूर.

दुसऱ्या एखाद्या गायिकेच्या बाबतीत हे कदाचित खपून गेलं असतं. ज्योत्स्नाबाईंच्या बाबतीत खपत नाही, कारण त्यांची सगळी कारकीर्दच शब्दावर उभी आहे. माझ्या मुलाला त्यांचं नाव पुण्याच्या हिराबागेतल्या सभागृहामुळे तेवढं माहीत होतं, म्हणून थोडं सांगते. जन्म ११ मे १९१४, गोव्यातलं बांदिवडे, माहेरचं नाव दुर्गा केळेकर. १९३२ मध्ये केशवराव भोळ्यांशी लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी, १ जुलै १९३३ ला, नाट्यमन्वंतर या नाटकमंडळीचं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आलं. त्यात त्या बिंबा झाल्या. श्री. वि. वर्तकांनी ब्यर्नसन या नॉर्वेच्या नाटककारावरून घेतलेलं ते नाटक, दिग्दर्शन केशवराव दात्यांचं, संगीत भोळ्यांचं.

त्याआधीचं संगीत नाटक आठवा. पदांमागून पदं, वन्समोअर, पहाटेपर्यंत चाललेला खेळ, आणि नायिकेच्या साडीत बहुतेक वेळा पुरुष. नाट्यमन्वंतरने पदं अगदी मोजकी ठेवली, बायकांच्या भूमिका बायकांना दिल्या आणि घरातलं माणूस बोलावं तसं रंगमंचावर बोलायला लावलं. तिथे ताना घेऊन चालणार नव्हतं. जे वाक्य आत्ता बोलले तेच पुढे गाण्यात गेलं पाहिजे, आणि त्यातलं अक्षरही सांडता कामा नये. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीने हे करून दाखवलं. मराठी रंगभूमीवर एवढं मोठं वळण इतक्या कमी सुरांत दुसऱ्या कुणी घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

मग १९४२ चं ‘कुलवधू’. मो. ग. रांगणेकरांची नाट्यनिकेतन ही संस्था, संगीत मास्टर कृष्णरावांचं. ज्योत्स्नाबाई भानुमती. आईने हे नाटक लहानपणी गिरगावात राहत असताना पाहिलं. तिला कथानक तुटक तुटक आठवतं, पण ‘बोला अमृत बोला’च्या वेळी त्या कशा उभ्या होत्या ते ती अजून उठून, पलंगाचा कठडा धरून दाखवते. हात अजिबात हलवायचा नाही, मान जराशी डावीकडे. “गाते आहे असं वाटायचंच नाही गं, आपल्याशी बोलतेय असं वाटायचं.” मी ते नाटक पाहिलेलं नाही. पण तबकडीवर ‘अमृत’ म्हणताना त्या ‘मृ’वर किती हलकेच टेकतात ते ऐकलं की आई काय म्हणते ते कळतं.

त्याच बाई रेडिओच्या आणि तबकडीच्या भावगीतातही शोभल्या, हे मला नवल वाटत नाही. माइकसमोर तसंच गायचं असतं. राजा बढ्यांचं ‘माझिया माहेरा जा’ घ्या, चाल पु. ल. देशपांड्यांची. पाखराला सांगते आहे, म्हणजे आवाज लांब पोचवायचा, पण आतल्या आत. दुसऱ्या कुणी गायलं की ते गाणं एक तर रडकं होतं नाही तर गोडगोड होतं.

तर असा आवाज त्या दुकानाने धुऊन पुसून दिला होता. एवढ्यावर भागलं नाही. तबकडी परत हातात घेतली तर तिची एक बाजू धुरकट, मेणचटलेली. विचारलं तर काउंटरवरचा मुलगा कौतुकाने म्हणाला, “मॅडम, स्पिरिटने मस्त साफ करून घेतली.” लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार लाकडाला पॉलिश करतात ते लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच. म्हणजे त्याने खाचांवरच स्पिरिट फिरवलं होतं. मालकांनी पैसे परत दिले, माफीही मागितली. ती बाजू आता वाजत नाही. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

दुसरे गृहस्थ पुण्यात, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांनी आधी तबकडी खिडकीजवळ नेऊन उजेडात तिरपी धरली, बराच वेळ बघितली, मग म्हणाले, “ताई, ही फार वाजलेली आहे. जुनी सुई घासलीय खाचेच्या तळाशी. मी जरा जाड सुई लावतो, ती वरच्या अंगाला टेकेल.” एलपीची (नंतर आलेल्या बारीक खाचांच्या तबकडीची) सुई ७८च्या रुंद खाचेत तळाला लोळते आणि नुसता कचरा उचलते, हे मला तिथे समजलं. त्यांच्याकडे एका डबीत पाच-सहा वेगवेगळ्या जाडीच्या सुया होत्या. एकाच तबकडीच्या पहिल्या दहा सेकंदांसाठी त्यांनी तीन सुया लावून पाहिल्या. तिसऱ्या सुईला ज्योत्स्नाबाई पुढच्या खोलीतून या खोलीत आल्यासारख्या वाटल्या.

साफसफाई शुद्ध पाण्याने, साबणाचा एखादा थेंब घालून, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने. मधलं लेबल भिजू नये म्हणून त्यावर रबरी चकती. मग पंख्याखाली नाही, स्टँडमध्ये उभी करून वाळवायची.

गतीचाही प्रश्न असतो. तबकडीवर ७८ लिहिलेलं असलं तरी रेकॉर्डिंग नेमकं त्याच गतीवर झालेलं असेलच असं नाही, आणि गती सहा टक्क्यांनी चुकली की सूर अर्ध्या स्वराने सरकतो. त्यांनी आपली पेटी काढून साथीच्या पेटीशी ताडून पाहिलं. एका तबकडीचा सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध येत होता. मला वाटलं आता दुरुस्त करतील. त्यांनी गतीला हात लावला नाही. “त्या दिवशीची पेटी कशी लावलेली होती, मी कसं सांगू?” म्हणाले, आणि कागदावर तशी नोंद करून दिली. मला हे फार आवडलं.

प्रत्येक बाजूच्या दोन फाइली मिळाल्या. एक जशीच्या तशी उतरवलेली, दुसरी हलकेच साफ केलेली, म्हणजे मोठे ‘टक्’ आवाज तेवढे एकेक करून काढलेले, खरखर जवळपास तशीच. पहिली फाइल मागून घ्याच. साफसफाई पुढे केव्हाही करता येते, उतरवताना गेलेलं परत आणता येत नाही. दर बाजूला ३५० रुपये, ही रक्कम मला रास्त वाटली.

तक्रारीही आहेत. तीन आठवडे म्हणाले आणि सात लागले. फोन उचलत नाहीत, संध्याकाळी सहानंतर स्वतः करतात. लेबलांचे फोटो मोबाइलवर काढलेले आणि धूसर, ते मी पुन्हा काढले. कुरिअरने तबकड्या घेत नाहीत, स्वतः न्याव्या लागतात. नेताना एकावर एक रचू नका, खालची तडकते. मी पुठ्ठ्याच्या खोक्यात मधे कापड घालून उभ्या ठेवल्या आणि खोकं पुण्यापर्यंत मांडीवर धरलं.

घरी आल्यावर आईला ‘माझिया माहेरा जा’ची न साफ केलेली फाइल लावून दिली. गाण्याआधी सुई टेकल्याची चार-पाच सेकंदांची खरखर त्यांनी मुद्दाम ठेवली आहे. तेवढ्यात आईने पदर नीट केला, उशीला टेकून बसली. तीन मिनिटांनी गाणं संपलं आणि फोन आपोआप पुढच्या फाइलवर गेला.

“अगं थांब,” ती म्हणाली, “बाजू तर बदलू दे.”

मी फोन थांबवला. थोड्या वेळाने तिने हाताने खूण केली, मग दुसरी बाजू लावली.