आखाती शहराचं रोजचं जगणं टिपायला रिको जीआर थ्री: दुबईला निघालेल्या नागपूरकरांसाठी परीक्षण

दुबईत नोकरी लागली की दोन-तीन पगारांतच कॅमेऱ्याची हौस जागी होते, आणि बुर्ज खलिफा डोळ्यांसमोर ठेवून बहुतेक जण लांब पल्ल्याची झूम लेन्स घेऊन बसतात. टॉवरचे फोटो महिनाभरात संपतात. मग उरतं ते खरं शहर: डेराच्या धक्क्यावर लाकडी गलबतांत फ्रीज आणि टायर चढवणारे हमाल, कराक चहाचे कागदी कप, सतव्यातली शिंप्यांची दुकानं, करामातल्या बाल्कन्यांत वाळणारे कपडे. या कामाला झूम लेन्स चुकीची आहे. रिको जीआर थ्री हा छोटा कॅमेरा योग्य आहे, पण त्याच्या काही खोडी आखाती हवेत फार महागात पडतात. नागपूरच्या उन्हात कॅमेरा वापरलेल्यांनाही त्या आधीपासून माहीत असतीलच असं नाही.

कॅमेरा २०१९ चा. बॅटरी आणि कार्डासह वजन २५७ ग्रॅम, शर्टाच्या खिशात मावतो. आत एपीएस-सी आकाराचा २४ मेगापिक्सेल सेन्सर आहे, म्हणजे अनेक मोठ्या डीएसएलआरमध्ये असतो तेवढाच. लेन्स १८.३ मिमी, एफ/२.८ (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं छिद्र मोठं), फुल फ्रेमच्या, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या हिशेबात २८ मिमी, म्हणजे रुंद दृश्य घेणारी. झूम नाही, व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅश नाही. शटर लेन्समध्येच असल्यामुळे आवाज जवळजवळ होत नाही.

२८ मिमीमध्ये माणूस नीट भरायचा तर दीड मीटरवर जावं लागतं. तर्री-पोह्याच्या गाडीच्या अलीकडे उभं राहिलं की पलीकडचा पोहेवाला जेवढा लांब असतो, साधारण तेवढं. एवढ्या जवळून कुणाचा चोरून फोटो काढता येत नाही, बोलावंच लागतं. याच कारणासाठी हा कॅमेरा दुबईला शोभतो.

संयुक्त अरब अमिरातीत २०२१ चा संघीय कायदा क्रमांक ३४ आहे, २ जानेवारी २०२२ पासून लागू. संमतीशिवाय दुसऱ्याच्या खासगीपणाचा भंग होईल असा फोटो काढणं किंवा तो पुढे पाठवणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा किमान सहा महिने कैद किंवा दीड लाख ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. जागा सार्वजनिक होती, ही सबब पुरत नाही. अपघात, लष्करी जागा, विमानतळाचा सुरक्षा भाग आणि राजवाडे यांच्याकडे लेन्स वळवूच नये. अनोळखी बायका आणि कुटुंबं यांचे फोटो काढू नयेत. कामगारांच्या वसाहतीत बोलावणं असल्याशिवाय कॅमेरा नेऊ नये. विचारणं अवघड नाही. डेरा, बर दुबई, करामा इथे हिंदी-उर्दू सर्रास चालते, "भाई, एक फोटो लूँ?" एवढं पुरतं. समोरच्याने मान हलवून नाही म्हटलं तर कॅमेरा खाली घ्या आणि चहा मागवा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला तोच माणूस स्वतः उभा राहतो, आणि तो फोटो चोरलेल्या फोटोपेक्षा हमखास चांगला येतो.

जीआरची ख्याती आहे ती स्नॅप फोकससाठी: अंतर आधीच ठरवून ठेवायचं आणि शटर एका दमात पूर्ण दाबायचं, कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. एफ/८ वर २ मीटर लावलं तर १ मीटरपासून जवळजवळ क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ/८ आणि १.५ मीटरला साधारण ०.९ ते ५ मीटर मिळतं. तेच १.५ मीटर एफ/२.८ वर ठेवलं तर जेमतेम १.२ ते २ मीटरचा पट्टा उरतो. संध्याकाळी चेहरे पुसट येण्याचं कारण बहुधा हेच असतं. अंधार पडला की स्नॅप सोडून ऑटोफोकसवर या. हात, पाठमोऱ्या आकृत्या, सावल्या, ढकलगाड्या, पाट्या यांसाठी स्नॅप वापरा. चेहऱ्यासाठी आधी परवानगी, मग सावकाश फोकस.

अब्रा, म्हणजे खाडी ओलांडणारी लाकडी होडी, १ दिरहममध्ये बर दुबईहून डेराला नेते. कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही. होडी हलते, पाणी चमकतं, माणसं सावलीत आणि मागचा काठ लख्ख उन्हात. शटर १/५०० सेकंदापेक्षा संथ होऊ देऊ नका. थ्री-ॲक्सिस स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सांभाळतं, होडीची हालचाल थांबवत नाही. मीटरिंग, म्हणजे उजेडाचं मोजमाप, उजळ भाग जपणाऱ्या हायलाइट-वेटेडवर ठेवा, नाहीतर पांढरा कंदुरा, म्हणजे अरबी पुरुषांचा पायघोळ झगा, जळून कोरा कागद होतो आणि तो तपशील रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधूनही परत येत नाही. चेहरे थोडे काळवंडतील, ते डीएनजी या रॉ फाइलमध्ये वर उचलता येतात. हाय कॉन्ट्रास्ट ब्लॅक अँड व्हाइट ही शैली इंटरनेटवर लोकप्रिय असली तरी दुपारच्या उन्हात टोपीखालचा सावळा चेहरा पार बुजवून टाकते. माणसांच्या फोटोंना ती लावू नये, असं स्पष्ट मत आहे.

भर दुपारी एफ/२.८ उघडायचं असेल तर एक अडचण येते. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, १०० ला ठेवली तर कडक उन्हात शटर १/३२०० लागतं आणि एफ/२.८ वर हा कॅमेरा १/२५०० च्या पुढे जात नाही. आत दोन स्टॉपचा, म्हणजे उजेड चौथाईवर आणणारा, एनडी फिल्टर आहे. तो एफएन या हवं ते काम नेमून देता येणाऱ्या बटणावर लावून टाका. त्या शेजारी आउटडोअर व्ह्यूचं, म्हणजे स्क्रीनचा उजेड बदलण्याचं, सेटिंगही हाताशी असू द्या, कारण व्ह्यूफाइंडर नसल्यामुळे उन्हात स्क्रीन दिसेनासा होतो. तसं पाहता १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात तिथे दुपारी १२.३० ते ३ उघड्यावरचं काम कायद्याने बंद असतं. रस्ते ओस पडलेले असतात, त्या वेळी बाहेर पडून फारसं हाती लागत नाही. सकाळी उजाडल्यापासून दोन तास आणि दुपारी चारनंतर निघा.

आता दमट हवा. नागपूरकराची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. नवतपात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, पण हवा कोरडी असते. म्हणून तर खिडकीतला कूलर काम करतो. ऑगस्टच्या दुबईत रात्रीही अंगाला चिकटणारा दमटपणा असतो. जिथे कूलर चालत नाही, तिथे एसीतून काढलेल्या कॅमेऱ्यावर पाणी धरतं, एवढी खूणगाठ पुरे. २२ अंशांच्या खोलीतला गार धातू बाहेर आला की काही सेकंदांत काचेवर बाष्प जमतं. कॅमेरा त्याच क्षणी सुरू केला तर लेन्स पुढे सरकताना ती दमट हवा आत खेचते. मग धुकं आतल्या काचांवर बसतं, तिथे रुमाल पोचत नाही. उपाय सोपा आहे. कॅमेरा खोलीतच झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड बंद करा आणि पिशवीसकट बाहेर न्या. २० ते ३० मिनिटांनी, पिशवी हाताला कोमट लागली की उघडा. तोवर अजिबात चालू करू नका. मॉलमधून, मेट्रोतून बाहेर पडतानाही हेच. रोज पिशवीचा कंटाळा येत असेल तर कॅमेरा एसीच्या खोलीत न ठेवता दाराजवळच्या चपलांच्या कपाटात ठेवा. कंपनीने वापरासाठी ४० अंशांची मर्यादा दिलेली आहे, तेव्हा उन्हातल्या गाडीत डॅशबोर्डवर कधीही नको.

धूळ ही दुसरी खोड, आणि हा कॅमेरा नाकारायचं कुणाला कारण हवं असेल तर ते हेच. बॉडी सील केलेली नाही. शमाल हा वायव्येचा वारा वाहू लागला की पिठासारखी बारीक वाळू उडते. लेन्स आत-बाहेर करताना ती शोषली जाते आणि सेन्सरवर बसते. लेन्स निघत नसल्यामुळे ब्लोअर सेन्सरपर्यंत पोचत नाही. मेन्यूतलं डस्ट रिमूव्हल सेन्सर हलवून सुटी धूळ झटकतं, दमट हवेने चिकटलेला कण मात्र तसाच राहतो. मग सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. वारा सुटला असेल तर कॅमेरा आडोशाला चालू करा आणि चालूच ठेवा, दर फोटोला बंद-चालू करू नका. जीन्सच्या खिशात सुटा ठेवू नका, तिथला कापूसही आत जातो. जीए-१ ॲडॉप्टर लावून पुढे ४९ मिमी फिल्टर बसवला तर पुढून बराच बचाव होतो, पण मग कॅमेरा खिशात मावत नाही.

बॅटरी डीबी-११०, कंपनीच्या हिशेबाने सुमारे २०० फोटो. स्क्रीन पूर्ण उजळ ठेवली तर त्याहून कमी. एका संध्याकाळी तीन बॅटऱ्या लागतील असं धरा. विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवायच्या. चार्जिंग यूएसबी-सीवर होतं, पण तिथले सॉकेट तीन चौकोनी पिनांचे असतात, आपला चार्जर सरळ बसत नाही.

रात्री डेरातल्या नाइफच्या गल्ल्यांत आयएसओ ३२०० पर्यंत बिनधास्त जा. ट्यूबलाइटच्या दुकानात प्रत्येक फोटो वेगळ्या उजेडाचा येत असेल तर शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवा; तिथेही वीज ५० हर्ट्झचीच आहे. ज्यांना मुख्यतः विचारून काढलेले चेहरेच हवेत त्यांनी जीआर थ्री-एक्स बघावा, त्याची लेन्स ४० मिमीच्या तोडीची आहे. सिक्का म्हणतात त्या अरुंद बोळांत आणि चार माणसं मावतील एवढ्या कॅफेटेरियात मात्र २८ मिमीच लागते.

सराव नागपुरातच होतो. इतवारीची सराफा ओळ, गांधीबागेतल्या कापडाच्या गल्ल्या किंवा कॉटन मार्केटची सकाळ, कुठेही दीड मीटरवरून विचारून पन्नास फोटो काढा. अंतराचा अंदाज पायांत बसतो. निघताना भारतातूनच कॅमेरा नेत असाल तर विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, परत येताना शुल्काचा वाद होत नाही. तिथे नवा घेतलात तर वॉरंटी भारतात चालते का, ते कार्डावर वाचून घ्या. जुना घेणार असाल, बर्डीत असो की दुबईत, तर पैसे देण्याआधी एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा किंवा कोऱ्या आकाशाचा एक फोटो काढा, फोनवर घेऊन कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवा आणि चारही कोपरे तपासा. एखादा ठिपका किमतीत सोडून देता येईल. पाच-सहा दिसले तर तो कॅमेरा घेऊ नका.