आरएनएचं चित्र काढायचंय? लहान असेल तर फोर्ना, राक्षसी असेल तर आरटूडीटी

थीसिसच्या एका फिगरसाठी ई. कोलाय बॅक्टेरियाचा १६एस आरएनए (प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा एक भाग) हवा होता, म्हणजे १५४२ न्यूक्लिओटाइड, साखळीतली अक्षरंच म्हणा. माझा आधीपासून फोर्नावर जीव, आरएनएचं चित्र काढणारं टूल, व्हिएन्ना विद्यापीठवाल्यांचं आहे, ब्राउझरमध्येच चालतं, सिक्वेन्स (अक्षरांचा क्रम) आणि खाली कंस-टिंबांची ओळ (कंस म्हणजे जोडी जुळलेलं अक्षर, टिंब म्हणजे सुटं) टाकली की रेणू समोर तरंगायला लागतो, माउसने ओढला की रबरासारखा ताणला जातो. ७६ अक्षरांचा यीस्टचा टीआरएनए टाकून बघा, क्लोव्हरलीफ, म्हणजे त्याचा तीन पाकळ्यांच्या पानासारखा आकार, लगेच ओळखू येतो. ज्युनिअर पोरांना शिकवायला एकदम मस्त.

पण १५४२ टाकले आणि शेवयाच झाल्या. चूक माझीच म्हणा, तिथे सगळे ठिपके एकमेकांना ढकलत जागा शोधतात, पुस्तकात हा रेणू कसा काढतात हे त्याला कुठून कळणार. सर म्हणाले, "ह्यात एच४४ दाखव बरं." (१६एसमधली ४४ नंबरची हेलिक्स, म्हणजे जोड्यांची शिडी.) मी शोधतोय, शोधतोय, ते चहा पिऊन परत आले तरी शोधतोय.

मग आरटूडीटी सापडलं, २०२१ मध्ये पेपर आलाय, आरएनएसेंट्रल ह्या आरएनए डेटाबेसच्या साइटवर फुकट आहे. नुसता सिक्वेन्स द्यायचा, ३६०० च्या वर टेम्पलेट (आधीच काढून ठेवलेले आराखडे) आहेत त्यातला जुळणारा स्वतःच शोधून त्या ठरलेल्या आकारात बसवून देतं. खरी मजा रंगांची: टेम्पलेटसारखं ते काळं, बदललेलं हिरवं, मधेच घुसलेलं मॅजेंटा (गडद गुलाबी). दोन बॅक्टेरियांचे १६एस शेजारी ठेवले की फरक कुठे आहे ते डोळ्यालाच दिसतं, अलाइनमेंट (अक्षराखाली अक्षर जुळवणं) घेऊन बसायला नको. एसव्हीजी फाइल उतरवून इंकस्केप ह्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये नावं टाकली, झालं काम. एच४४ पण जिथे असायला हवा तिथेच 😄

टेम्पलेटच नसेल तर मात्र ह्याची जादू संपते. नवीन लाँग नॉन-कोडिंग आरएनएवाल्यांनी (प्रथिन न बनवणारे लांब आरएनए) आरएनएफोल्ड ह्या स्ट्रक्चरचं भाकीत करणाऱ्या प्रोग्रॅममधून स्ट्रक्चर काढा, आणि प्लीज बेसपेअरच्या (अक्षरांच्या जोडीच्या) प्रॉबॅबिलिटीचे रंग लावूनच फिगर टाका, कारण कमीत कमी एनर्जीचं ते एक भाकीत आहे, फोटो नाही.

वार्ना हे चित्रांचंच टूल पण वापरलं. २००९ चं जुनं जावावालं, वॉटसन-क्रिक (ए-यू, जी-सी ह्या नेहमीच्या जोड्या) सोडून बाकीच्या जोड्यांच्या खुणा दाखवायच्या तर अजून तेच बरं, फक्त लॅबच्या पीसीवर जावा टाकून घ्यायलाच माझे दोन दिवस गेले.

थ्रीडी हवं असेल तर ह्यातलं एकही उपयोगाचं नाही, किमेराएक्स हे थ्रीडी सॉफ्टवेअर टाका आणि १ईएचझेड (त्याच यीस्ट टीआरएनएच्या थ्रीडी रचनेचा कोड) उघडा, तोच क्लोव्हरलीफ दुमडून एल झालेला दिसेल.