लेकॉक की लॅक्स्टन? आई-बाबांना इंग्लंडमधलं कोणतं खेडं दाखवावं

मे ते सप्टेंबर म्हणजे आई-बाबांचा इंग्लंडला यायचा हंगाम. लंडन पाहून झालं की "आता इथलं एखादं खेडं दाखव" ही फर्माईश ठरलेली. हाताशी एकच दिवस असेल तर विल्टशरमधलं लेकॉक की नॉटिंगहॅमशरमधलं लॅक्स्टन? आमची दोन्ही पाहून झाली आहेत.

लेकॉकला जाणं सोपं. पॅडिंग्टनहून चिप्पेनहॅमपर्यंत रेल्वे, पुढे जेमतेम पाच किलोमीटर. मुख्य रस्ते चारच, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांचंही गाव पाहून होतं. १९४४ पासून जवळजवळ अख्खं गाव नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचं आहे, म्हणून जुनी घरं जशीच्या तशी राहिली आणि त्यांत आजही भाडेकरू राहतात. १२३२ सालचा मठ चुकवू नका. तिथल्या एका जाळीदार खिडकीचं हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८३५ मध्ये छायाचित्र घेतलं. आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह ती हीच. आईला ती खिडकी फार आवडली. मात्र चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे गाव प्रसिद्ध झालंय. उन्हाळ्यात गर्दी असते, सकाळी लवकर पोहोचा.

लॅक्स्टनला असं सजवलेलं काही नाही. रेल्वेनं न्यूअर्कपर्यंत जाता येतं, पुढे स्वतःची गाडी हवीच. पण घरात शेती असेल तर इथेच जा. बाकी इंग्लंडमध्ये जवळजवळ सगळी सामाईक शिवारं कुंपणं घालून कधीच वाटली गेली. इथे तीन मोठी शिवारं अजून वेगवेगळे शेतकरी पट्ट्यापट्ट्यांनी कसतात. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पड, आणि दरवर्षी पाळी बदलते.

बाबा शिवाराच्या कडेला उभे राहिले आणि पहिला प्रश्न आला, "बांध कुठायत?" बांध नाहीतच. मग कुणी शेजाऱ्याचं रान कोरत कसं नाही? त्यासाठी नोव्हेंबरअखेर गावातलेच शेतकरी पंच म्हणून गव्हाच्या शिवारात फिरतात, हद्दीचे खुंटे ठोकतात, कुणाचा नांगर वाटेत किंवा सामाईक गवतात घुसला असेल तर नोंद करतात. आठवड्याभरानं डव्हकोट इन या पबमध्ये 'कोर्ट लीट' हे गावाचं जुनं न्यायालय भरतं आणि तिथे दंड ठरतो. आमच्याकडे बांधापायी दोन पिढ्या तालुक्याच्या कोर्टात गेल्या. बाबांनी ही सगळी पद्धत मला दोनदा सांगायला लावली.

उन्हाळ्यात हे कोर्ट पाहायला मिळणार नाही, पण जुलैत उभा गहू आणि शेजारचं पड शिवार एका नजरेत दिसतं. पबच्या आवारातल्या माहिती केंद्रात आधी अर्धा तास काढा, नाहीतर शिवार नुसतं मोकळं रान वाटेल.

लहान मुलं बरोबर असतील किंवा गाडी नसेल तर लेकॉक. नाहीतर माझं मत लॅक्स्टनला. फक्त बूट चिखलाचे घ्या, शिवारातल्या वाटा कच्च्या आहेत.