चार बाय दोन बाय दोनची पीव्हीसी पेटी: एका कॉर्न स्नेकसाठी उत्तम, ‘दोघांसाठी’ नाही

अमेरिकेत कॉर्न स्नेक हा बिनविषारी साप पाळणारे बरेच जण काचेची टाकी सोडून पीव्हीसीच्या पेटीकडे वळले आहेत. त्यात सर्रास घेतलं जाणारं माप म्हणजे ४ फूट लांब, २ फूट खोल आणि २ फूट उंच, म्हणजे साधारण १२०×६०×६० सेंटिमीटर. समोर सरकत्या काचा, वर बंद छत, मागे किंवा बाजूला हवेच्या जाळ्या. याच मापात काही विक्रेते पेटीचे दोन कप्पे करणारी, मधोमध बसवायची एक पाटी देतात आणि वर्णनात ‘दोन कॉर्न स्नेकसाठी पुरेशी’ असं लिहून मोकळे होतात. हे परीक्षण कोणा एका कंपनीचं नाही. या प्रकारच्या पेटीचं आणि त्या दाव्याचं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. पूर्ण वाढलेला एक कॉर्न स्नेक ठेवायचा असेल तर ही पेटी घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. दोन साप एकत्र ठेवण्यासाठी घेऊ नका. पाटी टाकून दोन ठेवायचा विचार असेल तर तोही सोडा, पण त्याची कारणं निराळी आहेत.

पेटी म्हणून ती चांगली का, ते आधी. पीव्हीसीची फोम शीट ओलाव्याने फुगत नाही. लॅमिनेट केलेल्या लाकडी पेटीच्या कडा पाणी सांडून सांडून वर्ष-दोन वर्षांत उकलू लागतात. वरून जाळी असलेल्या काचेच्या टाकीत ऊब आणि दमटपणा दोन्ही छतातून निघून जातात, इथे ते टिकतात. कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते आणि या पेटीत ती फारशी खटपट न करता राहते. जोडणी सोपी आहे, पण इलेक्ट्रिक ड्रायव्हर वापरू नका, पीव्हीसीतलं भोक लगेच सैल होतं. सगळे स्क्रू आधी हाताने अर्धवट बसवा, पेटीचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे आले की मग घट्ट करा. तळाच्या सांध्यांना आतून मत्स्यालयाचं सिलिकॉन भरा आणि त्याचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत पेटी रिकामी ठेवा.

तळात लाकडाचा भुसा टाकायचा तर अॅस्पेन झाडाचा, नाहीतर नारळाचा चुरा. देवदाराचा भुसा अजिबात नको, त्यातलं तेल सापाच्या श्वसनाला बाधतं. थर १० सेंटिमीटर असावा म्हणजे साप त्यात बीळ करू शकतो. या तळाला तेवढ्या थरासाठी ७२ लिटर भुसा लागतो. एक छोटी पिशवी पुरेल या हिशेबाने गेलात तर पुन्हा दुकानात जावं लागेल.

कच्ची बाजू म्हणजे काचा. दोन सरकत्या काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे काही मिलिमीटरची उभी फट राहते. मोठ्या सापाला ती काहीच नाही. पण नुकतं अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू २० ते ३० सेंटिमीटर लांब आणि पेन्सिलीपेक्षाही बारीक असतं. डोकं गेलं की अंग जातंच. म्हणून पिल्लू सुरुवातीला घट्ट झाकणाच्या, भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात ठेवावं, किंवा फटीत खिडकीच्या काचेला लावतात तशी ब्रशची पट्टी बसवावी. वायर जायच्या गोल भोकालाही हेच लागू आहे. काचेला शोकेसचं कुलूप हवंच. कॉर्न स्नेक नाकाने काच सरकवतो, आणि एकदा जमलं की रोज रात्री प्रयत्न करतो.

ऊब वरून द्या. ७५ ते १०० वॉटचा हॅलोजन एका टोकाला छताला लावा, त्याला जाळीचं कवच आणि दिवा मंद-प्रखर करणारा थर्मोस्टॅट. कवचाशिवाय साप दिव्याला वेटोळं घालतो आणि भाजतो. दिव्याखाली दगडाचा पृष्ठभाग ३० ते ३२ अंश सेल्सिअस, थंड टोक २२ ते २४ अंश. हे काचेवर चिकटवायच्या तबकडीच्या थर्मामीटरवर मोजू नका, थंड-गरम दोन्हीकडे प्रोबचा, म्हणजे वायरच्या टोकाला सेन्सर असलेला थर्मामीटर ठेवा. चार फुटांच्या लांबीत हा फरक आपोआप तयार होतो, आणि हाच या मापाचा सगळ्यात मोठा फायदा आहे. साप स्वतःचं तापमान जागा बदलून सांभाळतो. दोन्ही टोकांना दडायला जागा हवी, नाहीतर तो सुरक्षितता निवडतो आणि ऊब सोडतो.

आता ‘दोघांसाठी’ या शब्दाकडे. एकाच हाइडखाली, म्हणजे दडायच्या जागेत, दोन साप एकमेकांवर वेटोळं करून बसलेले दिसले की त्यांची गट्टी जमली असं मालक समजतो. पेटीत ३० अंशाची, अंधारी, अंगाला चारी बाजूंनी टेकेल अशी जागा एकच असते, म्हणून ते दोघं तिथे असतात. जंगलात थंडीच्या दिवसांत कॉर्न स्नेक एखाद्या उबदार कपारीत एकत्र सापडतात हे खरं, पण ऊन आलं की तिथून निघून जाण्याची मोकळीक त्यांना असते. पेटीत ती नसते. भांडण दिसत नाही म्हणून ताणही नाही असं नव्हे. साप गुरगुरत नाही, केस उभे करत नाही. एक जण कायम थंड टोकाला किंवा पाण्याच्या भांड्यात पडून राहतो, खाणं सोडतो, वजनात मागे पडतो. स्वयंपाकघरातल्या एका ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर दर महिन्याला दोघांचं वजन घेतलं तरच हा फरक पकडता येतो.

खाणं हा सगळ्यात धोक्याचा क्षण. एका उंदराची दोन टोकं दोन सापांनी धरली की दोघंही गिळत पुढे येतात. दात मागे वळलेले असल्याने धरलेलं सोडणं सापाला जड जातं, आणि मोठ्याचं तोंड धाकट्याच्या डोक्यावरून पुढे सरकतं. कॉर्न स्नेकने कॉर्न स्नेक गिळणं रोजचं नाही, पण पिल्लांमध्ये आणि लहान-मोठ्यांच्या जोडीत ते झालेलं आहे, आणि झाल्यावर दुरुस्त करता येत नाही. किंग स्नेक तर निसर्गातच साप खातो; त्याला कॉर्न स्नेकबरोबर ठेवणं म्हणजे त्याच्यापुढे जेवण ठेवणं.

‘मग खायला वेगळ्या डब्यात देऊ’ हा उपाय हमखास सुचवला जातो. खाल्ल्यावर ४८ तास सापाला उचलायचं नसतं, नाहीतर तो उंदीर बाहेर टाकू शकतो. म्हणजे प्रत्येक जेवणाला दोन दिवस ऊब आणि पाणी असलेली दुसरी पेटी हवीच. मोठ्याला दर १० ते १४ दिवसांनी आणि पिल्लाला दर ५ ते ७ दिवसांनी खायला लागतं, तेव्हा ती दुसरी पेटी कायमचीच लागणार. असं असेल तर साप तिथेच का राहू नये?

उलटी हे एकत्र ठेवण्यातलं दुसरं मोठं कोडं, आणि आमच्या मते विक्रेते यावर सगळ्यात कमी बोलतात. एकटा साप उलटी करतो तेव्हा काय करायचं ते ठरलेलं आहे: १० ते १४ दिवस काही देऊ नका, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर द्या. दोघांच्या पेटीत सकाळी अर्धवट पचलेला उंदीर सापडला तर तो कोणाचा? चुकीच्या सापाला उपाशी ठेवाल आणि आजारी असलेल्याला भरवाल. पातळ शी, त्यातलं रक्त, न पडलेली शी, सगळ्याचं हेच. क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस नावाचा परजीवी जठराचं अस्तर जाड करतो, अंगाच्या मध्यावर फुगवटा येतो, खाल्लेलं बाहेर पडतं. खात्रीचा इलाज नाही, नेहमीच्या ब्लीचने तो मरत नाही, आणि लागण झालेला साप कित्येक महिने ठणठणीत दिसू शकतो. एका पाण्याच्या भांड्यातून दोघं पीत असतील तर पहिल्याची उलटी दिसेपर्यंत दुसऱ्याला लागण झालेली असू शकते.

लिंगाबद्दल दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. शेपटीच्या आकारावरून केलेला अंदाज बऱ्याचदा चुकतो. जाणत्या माणसाने किंवा सापांचं काम करणाऱ्या पशुवैद्याने प्रोबने, म्हणजे बारीक सळईने, तपासलेलं खरं. नर-मादी एकत्र राहिले की मादी पूर्ण वाढायच्या आतच गाभण राहू शकते. पाळणारे सहसा मादी तीन वर्षांची आणि किमान ३०० ग्रॅमची झाल्याशिवाय तिला नराजवळ नेत नाहीत, कारण लहान मादीत अंडी अडकून ती मरू शकते. पैदास करणारेही जोडी वसंतात काही दिवसच एकत्र ठेवतात आणि पुन्हा वेगळी करतात.

वर्षानुवर्षं दोन माद्या एकत्र ठेवून काही बिघडलं नाही असं सांगणारे लोक आहेत, आणि ते खोटं बोलत नाहीत. सारख्या आकाराचे साप, प्रत्येक गोष्ट दुप्पट, ऊब देणाऱ्या दोन जागा, खाणं वेगळं, वजनाची नोंद, असं करणाऱ्याला धोका कमी करता येतो. पण सापाच्या बाजूने यात फायदा काहीच नाही. त्याला सोबतीची गरज नाही.

आता ती मधली पाटी. ती घातली की प्रत्येकाच्या वाट्याला ६०×६० सेंटिमीटरचा तळ येतो, ज्याचा कर्ण जेमतेम ८५ सेंटिमीटर. वाढलेला कॉर्न स्नेक ९० ते १५० सेंटिमीटरचा असतो, म्हणजे तो कुठल्याच दिशेने सरळ होऊ शकत नाही. अख्ख्या पेटीचा कर्ण १३४ आहे. दुसरं, ६० सेंटिमीटरमध्ये थंड टोक थंड राहत नाही. दिवा सगळ्या कप्प्याला तापवतो. दिवे दोन्ही बाहेरच्या टोकांना लावले तर थोडं बरं, मधोमध लावले तर दोन्ही कप्पे भट्टी. तिसरं, पाटी खाचेत ढिली बसते, भुशाच्या दाबाने वाकते आणि खालची फट साप नाकाने शोधतो, नाक सोलवटतं. हवा आणि वास पलीकडे जातातच, माइट्स म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक परजीवीही जातात. म्हणून पाटीने आजार थांबत नाही.

तरीही पाटी फेकू नका. साप साधारण ६० सेंटिमीटरचा असताना पेटी अर्धी करून त्याला सुरुवात करून द्यायची आणि तो वाढला की पाटी काढायची, यासाठी ती खरोखर कामाची आहे. जाहिरातीत हाच उपयोग लिहिला असता तर आम्ही तिला पूर्ण गुण दिले असते.

न्यू जर्सीतल्या मराठी वाचकांसाठी एक सूचना: तिथे कॉर्न स्नेक हा राज्याच्या जंगलातला साप आहे आणि संकटग्रस्त यादीत आहे, तेव्हा राज्याच्या वन्यजीव विभागाकडे परवान्याची चौकशी केल्याशिवाय पेटीवर पैसे घालू नका. आणि महाराष्ट्रात कोणी या पेटीत धामण किंवा दुसरा कुठलाही देशी साप ठेवायचा विचार करत असेल, तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तो गुन्हा आहे.

दोन साप हवेच असतील तर दोन पेट्या घ्या आणि एकीवर एक ठेवा. जमिनीवरची जागा तेवढीच लागते. वरच्या पेटीखाली हवा खेळायला दोन-तीन सेंटिमीटरचे ठोकळे ठेवा, नाहीतर खालच्या दिव्याने वरचा तळ तापतो आणि वरच्या थर्मोस्टॅटला त्याचा पत्ता लागत नाही. थर्मोस्टॅट, चिमटा, पाण्याचं भांडं प्रत्येकाचं स्वतंत्र. दुसरा साप आणल्यावर तो लगेच वरच्या पेटीत नको: ९० दिवस वेगळ्या खोलीत, साध्या डब्यात, पेपर टॉवेलवर, म्हणजे शी आणि माइट्स दोन्ही दिसतात. रोजचं काम जुन्या सापापासून सुरू करायचं आणि नव्याचा डबा शेवटी, मग हात साबणाने.